बाळाच्या कानांची दुसरी तपासणी

दर हजार नवजात बाळांपैकी साधारण एक ते तीन बाळांना लक्षणीय श्रवणदोष असतो. ऐकू न येणारे बाळही सुरुवातीचे काही महिने इतरांसारखेच हुंकारते आणि थाळी वाजवली की हादऱ्याने किंवा हाताच्या हालचालीने दचकते, त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. पुढे बोलणे लांबले की ‘बापालाही उशिराच तोंड फुटलं होतं’ या समजुतीवर आणखी काळ जातो.

बाळाचा आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का हे पाहणारी ओएई तपासणी काही मिनिटांत होते. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची नळी ठेवून बारीक आवाज सोडला जातो. आतल्या कानातील केशपेशी निरोगी असतील तर त्या स्वतःही अतिशय क्षीण ध्वनी परत पाठवतात (डेव्हिड केम्प यांनी हे १९७८ मध्ये दाखवून दिले) आणि नळीतील मायक्रोफोन तो टिपतो. मात्र पहिल्या दिवसांत कानात स्राव साचलेला असल्यास निरोगी बाळही या तपासणीत अडकते, म्हणून ती पुन्हा करावी लागते. अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाची, श्रवणतंतूंचा दोष ओएईत सुटू शकत असल्याने, आवाजाचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचतो का हे पाहणारी बेरा तपासणीही हवी.

मराठवाड्यात खरी गळती या दुसऱ्या तपासणीच्या वेळीच होते, असे मला वाटते. पहिले बाळंतपण माहेरी होते आणि दुसऱ्या तपासणीच्या सुमारास बाळ-बाळंतीण सासरी गेलेली असतात. बीडकडची कुटुंबे तर दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. दुसऱ्या तपासणीची तारीख दीड महिन्याच्या लसीला जोडून लसीकरणाच्या कार्डावरच लिहावी.

पहिल्या महिन्यात चाळणी (प्राथमिक तपासणी), तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार, हे वेळापत्रक जगभर मानले जाते. सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा अधिक चांगली विकसित होते, असे अमेरिकेतील कोलोरॅडोमधील १९९८ च्या अभ्यासात आढळले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे आणि पुढील तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे.

निदानानंतर पहिला बोल बहुधा आईला लागतो, आणि तो अन्यायाचा आहे. ग्रहण पाळले की नाही याचा इथे काही संबंध नाही. अनेकदा उत्तम ऐकू येणाऱ्या आईवडील दोघांकडूनही एकाच सदोष जनुकाची प्रत बाळाला मिळते, आणि मामे-आते नात्यातील लग्नांत ही शक्यता वाढते. घरच्यांना या वेळी समुपदेशन हवे, सांकेतिक भाषेची ओळख हवी आणि अशी मुले वाढवलेल्या पालकांची भेटही हवी. श्रवणयंत्र काही आठवड्यांच्या बाळालाही बसवता येते, परंतु कान झपाट्याने वाढत असल्याने त्याचा साचा वरचेवर बदलावा लागतो. साचा सैल झाला की यंत्र शिट्टी वाजवते, आणि ते बिघडले असे समजून घरचे ते डब्यात ठेवून देतात. त्यामुळे यंत्र देतानाच आजीसह घरातील सर्वांना या शिट्टीचे कारण समजावून सांगायला हवे.