बिलातली ‘लायब्ररी डॉक्युमेंटेशन’ ही ओळ कशाची?
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या कोटेशनमध्ये आणि देखभालीच्या बिलात ‘लायब्ररी डॉक्युमेंटेशन’ अशी एक वेगळी ओळ असते. प्रोग्रॅमिंग वेगळं लावलंय, टेस्टिंग वेगळं लावलंय, मग हे आणखी काय, असा प्रश्न ग्राहक विचारतात. तो विचारायलाच हवा, कारण पैसे तुमचे आहेत.

तुमचं बिलिंगचं, स्टॉकचं किंवा सभासद नोंदणीचं सॉफ्टवेअर आम्ही तयार करतो, पण त्यातला सगळा कोड आमच्या हातचा नसतो. तारखा मोजणं, याद्या लावणं, रिकामा रकाना ओळखणं अशी बारीकसारीक कामं ओपन सोर्स युटिलिटी लायब्रऱ्या, म्हणजे इतरांनी लिहून सगळ्यांना वापरायला खुले ठेवलेले तयार कोडचे संच, करतात. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतली लोडॅश ही त्यातली एक नावाजलेली. जगभरच्या वापरातून त्या तावूनसुलाखून निघालेल्या असतात, म्हणून आम्ही त्या बिनदिक्कत वापरतो. मात्र एमआयटीसारख्या परवान्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की हा कोड आहे तसा दिला आहे, त्याची कसलीही हमी नाही. तुम्हाला हमी आम्ही देतो. ती द्यायची तर लायब्ररीतलं प्रत्येक फंक्शन, म्हणजे एकेक काम करणारा कोडचा तुकडा, नेमकं काय करतं हे आम्हाला ठाऊक असायला हवं, आणि नुसत्या नावावरून ते कळत नाही. त्यासाठी डॉक्युमेंटेशन, म्हणजे कोड कसा वागतो याची लेखी माहिती, वाचावी आणि लिहावी लागते. बिलातली ती ओळ या वेळेची.

लोडॅशमधलं ‘इज-एम्प्टी’ घ्या. रकाना रिकामा आहे का, हे ते सांगत असेल असं वाटतं. त्याला १ हा आकडा द्या, ते ‘रिकामं आहे’ म्हणेल. हा दोष नाही. ज्यांच्या आत काही साठवता येतं अशा याद्या, मजकूर, ऑब्जेक्ट यांच्यासाठी ते फंक्शन आहे. आकडा त्यात बसत नाही. हे त्या फंक्शनच्या डोक्यावरच्या कमेंटमध्ये, म्हणजे कोडमध्येच माणसांसाठी लिहिलेल्या टिपेत, उदाहरणासकट लिहिलेलं आहे. ते न वाचता कोणी ‘नग’ या रकान्यावर हे फंक्शन लावलं, तर गिऱ्हाईक कितीही नग भरो, फॉर्म ‘रकाना भरा’ म्हणतच राहील. त्याच लायब्ररीत ‘विदाउट’ आणि ‘पुल’ अशी दोन फंक्शनं आहेत. दोन्ही यादीतून नको त्या नोंदी काढतात, पण ‘विदाउट’ नवी यादी देतं आणि ‘पुल’ मूळ यादीच बदलून टाकतं. हा फरक डॉक्युमेंटेशनमध्ये एका ओळीचा आहे. ती ओळ नजरेतून सुटली तर स्टॉकच्या मूळ यादीतून माल गायब होतो आणि तो कुठे गेला हे शोधण्यात दिवस जातात.

पैशांचा हिशेब असेल तिथे आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवतो. पायथन या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेतलं, संख्येचं पूर्णांकन करणारं ‘राउंड’ हे फंक्शन २.५ चे २ करतं आणि ३.५ चे ४, कारण बरोबर मधली संख्या आली की ते जवळच्या सम संख्येकडे जातं. २.६७५ ही संख्या दोन दशांश स्थळांपर्यंत आणायला सांगितली तर उत्तर २.६७ येतं, २.६८ नाही. इथे कारण वेगळं आहे: असे बहुतेक दशांश अपूर्णांक संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत नेमके साठवताच येत नाहीत. पायथनच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनने हेच उदाहरण देऊन सावध केलं आहे. शाळेत शिकलेल्या पद्धतीने तुमचे अकाउंटंट हिशेब करणार, सॉफ्टवेअर या पद्धतीने करणार आणि महिनाअखेरीला पैशापैशाचा फरक काढत दोघं बसणार. म्हणून रकमांसाठी आम्ही दशांश आकडे जसेच्या तसे साठवणारं पायथनचं ‘डेसिमल’ मॉड्यूल वापरतो आणि पूर्णांकनाचा नियम कोणता धरला हे तिथल्या तिथे कमेंटमध्ये लिहून ठेवतो.

चांगलं डॉक्युमेंटेशन आम्ही कशाला म्हणतो

‘बेरीज’ नावाच्या फंक्शनवर ‘हे बेरीज करतं’ असं लिहिणं म्हणजे शाई वाया घालवणं. रिकामी यादी दिली तर काय होतं, चुकीची तारीख दिली तर त्रुटी येते की गुपचूप भलतंच उत्तर येतं, मूळ माहिती बदलते का, या प्रश्नांची उत्तरं आम्ही शोधतो. ती कोडला चिकटून असावीत असा आमचा आग्रह आहे. जावाडॉक आणि जेएसडॉक या पद्धतींत फंक्शनच्या लगेच वर ठरावीक खुणांची कमेंट लिहितात: काय द्यायचं, काय परत मिळतं, एखादं उदाहरण. त्यावरून वाचनीय पानं आपोआप तयार होतात. वेगळ्या फायलीत ठेवलेली माहिती कोड बदलला की मागे राहते.

त्याहून भरवशाची म्हणजे चालवून पाहता येणारी उदाहरणं. पायथनमध्ये २००१ सालच्या २.१ आवृत्तीपासून ‘डॉकटेस्ट’ आहे. डॉक्युमेंटेशनमधलं उदाहरण ते खरंच चालवून पाहतं आणि उत्तर जुळलं नाही तर ओरडतं. रस्ट भाषेतही उदाहरणं अशीच तपासली जातात. दोन लायब्रऱ्या बाकी सारख्याच असतील तर अशी तपासलेली उदाहरणं असलेली आम्ही निवडतो, भले तिच्यात चार सोयी कमी असोत.

लायब्ररीची तब्येतही डॉक्युमेंटेशनमधूनच कळते. तारखांसाठी वर्षानुवर्षं वापरल्या गेलेल्या मोमेंट या लायब्ररीच्या चालकांनी सप्टेंबर २०२० मध्ये तिच्या डॉक्युमेंटेशनमध्येच जाहीर केलं की तिचं काम आता फक्त देखभालीपुरतं राहील, नव्या प्रकल्पांनी दुसरी लायब्ररी निवडावी. इतक्या सरळपणे लिहिणाऱ्यांबद्दल आम्हाला मनापासून आदर वाटतो. त्या एका पानाने कितीतरी जणांचे पुढचे खर्च वाचवले असतील.

आम्ही परत काय देतो

गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाने २०१७ साली केलेल्या पाहणीत ९३ टक्के लोकांनी अपुरं किंवा शिळं डॉक्युमेंटेशन ही अडचण दिसल्याचं सांगितलं, आणि योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांनी आपण त्यात क्वचितच किंवा कधीच भर घालत नाही असं सांगितलं. अशी भर न घालणं आम्हाला पटत नाही. ज्या लायब्ररीवर आपला धंदा चालतो तिथे सापडलेली उणीव भरून देणं हे आमचं काम आहे असं आम्ही मानतो.

मराठी मजकुराच्या बाबतीत तर हे आपल्यालाच करावं लागणार. ‘स्त्री’ हे तुम्हा-आम्हाला एक अक्षर दिसतं. जावास्क्रिप्ट त्याची लांबी ६ मोजते, कारण ती स, त, र, दोन हलन्त खुणा आणि वेलांटी हे सगळं वेगवेगळं धरते. ‘मराठी’ची लांबी ५. पावतीवर नावापुढे मोकळी जागा सोडून रकाने सरळ ठेवणारं फंक्शन हाच हिशेब धरतं, म्हणून इंग्रजी नावांची पावती नीट येते आणि मराठी नावांची वाकडी. मजकूर ठरावीक लांबीवर कापणारं फंक्शन वेलांटी अलीकडच्या अक्षरापासून तोडू शकतं. लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये नुसतं ‘लांबी’ असं असेल तर ती कशाची लांबी हे आम्ही तपासतो, देवनागरी उदाहरण तयार करतो आणि मूळ प्रकल्पाकडे, म्हणजे ती लायब्ररी बनवणाऱ्यांकडे, पाठवतो. ते स्वीकारायचं की नाही हे त्यांच्या हातात असतं. त्या उदाहरणांत तुमचं नाव, तुमचे आकडे, तुमच्या गिऱ्हाइकांची माहिती कधीही नसते. आणि मूळ प्रकल्पाला देण्यासाठी केलेल्या कामाचा वेळ तुमच्या बिलात लागत नाही. बिलात लागतो तो तुमच्या सॉफ्टवेअरपुरता वाचण्या-लिहिण्याचा वेळ.

त्या बदल्यात तुम्हाला दोन गोष्टी मिळतात. एक, वापरलेल्या लायब्रऱ्यांची यादी: आवृत्ती, परवाना आणि ती का निवडली याची दोन वाक्यं. दुसरी, कोडमधल्या कमेंट, ज्यात तुमच्या व्यवसायाचे नियम लिहिलेले असतात. दोन्ही तुमच्या कोडसोबतच राहतात. उद्या तुम्ही आमच्याऐवजी दुसऱ्या कोणाला काम दिलंत तरी त्या तुमच्याकडेच राहतील आणि नव्या माणसाला पहिल्यापासून अंदाज बांधत बसावं लागणार नाही. तुमच्या सॉफ्टवेअरची सध्याची यादी बघायची असेल तर नेहमीच्या ईमेलवर कळवा. मराठीत समजावून सांगायला आमचा माणूस येईल, त्याचे वेगळे पैसे नाहीत.