पीडीएफ उघडताच संगणक अडकतो : ही त्रुटी कोणाकडे, कशी आणि कोणत्या कागदपत्रांसह कळवावी

बारावीच्या निकालानंतर नाशिकच्या सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) परिसरातील झेरॉक्सच्या दुकानांत दाखल्यांच्या प्रती काढण्यासाठी रांगा लागतात. गेल्या जूनमध्ये अशाच एका दुकानात एका विद्यार्थ्याच्या पेन ड्राइव्हवरील उत्पन्नाच्या दाखल्याची पीडीएफ उघडली आणि संगणक जागच्या जागी थांबला. दुकानदारांनी तो पुन्हा सुरू केला, पण या वेळी फाइलला हात न लावता केवळ फोल्डर उघडले तरी तो पुन्हा अडकला, कारण फाइलचे छोटे चित्र दाखवण्यासाठी तोच पीडीएफ वाचक, म्हणजे पीडीएफ उघडून दाखवणारा प्रोग्राम, पडद्याआड सुरू होत होता. माहिती चोरीला गेली नाही, पैसेही गेले नाहीत, परंतु मागे उभ्या असलेल्या मुलांचे काम पाऊण तास खोळंबले. सुरक्षेच्या भाषेत या प्रकाराला ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’, म्हणजे सेवा अडवणे, म्हणतात आणि तो किरकोळ समजून सोडून देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या मुलाच्या संमतीने मी ती फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहिली. पीडीएफमध्ये पानांची मांडणी झाडासारखी असते, म्हणजे मूळ नोंदीच्या ‘किड्स’ या यादीत तिच्याखालील नोंदींचे क्रमांक दिलेले असतात. पाने जोडणाऱ्या कुठल्याशा मोफत साधनाने येथे ३ क्रमांकाच्या नोंदीच्या यादीत पुन्हा ३ हाच क्रमांक लिहिला होता. वाचकाने ‘ही नोंद आपण आधी पाहिली आहे का’ हे तपासले नाही, तर तो त्याच नोंदीत फिरत राहतो आणि शेवटी मेमरी संपते किंवा प्रोग्राम कोसळतो. पानांच्या झाडातील चुकीच्या संदर्भामुळे वाचक अनंत फेऱ्यात अडकण्याचा हा दोष जुनाच आहे. एक्सपीडीएफ आणि केपीडीएफ या पीडीएफ वाचकांबाबत तो सीव्हीई-२००७-०१०४ या क्रमांकाने नोंदला गेला आहे. (सीव्हीई म्हणजे माहीत झालेल्या सुरक्षा त्रुटींना जगभर दिला जाणारा ओळख क्रमांक.)

म्हणूनच अर्ज करण्यापूर्वीची पहिली पायरी म्हणजे वाचकाची अद्ययावत आवृत्ती बसवून तीच फाइल पुन्हा उघडून पाहणे. त्या दुकानातील आवृत्ती कित्येक वर्षे जुनी होती. नवी बसवल्यावर ‘फाइल सदोष आहे’ एवढाच संदेश आला आणि विषय तिथेच मिटला. मुलाने मूळ दाखला आपले सरकार पोर्टलवरून पुन्हा उतरवून घेतला. नव्या आवृत्तीतही संगणक अडकत असेल, तरच पुढची प्रक्रिया करावी.

कोणाकडे कळवावे

सर्वप्रथम सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांना कळवावे. अ‍ॅडोबीसारख्या कंपन्यांकडे सुरक्षा त्रुटी स्वीकारण्याची स्वतंत्र व्यवस्था आहे आणि त्या स्वतःच सीव्हीई क्रमांक देतात. एव्हिन्स (पीडीएफ वाचक) किंवा पॉपलर (पीडीएफ वाचण्याचे काम करणारा कोडसंच) यांसारख्या मुक्त प्रकल्पांची तक्रार गिटलॅब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळ-व्यवस्थेवर नोंदवता येते, मात्र ती नोंदवताना ‘गोपनीय’ असा चौकोन आठवणीने निवडावा, अन्यथा दुरुस्ती होण्याआधीच सदोष फाइल जगभर उपलब्ध होते.

निर्माता उत्तर देत नसेल, त्याचा पत्ता लागत नसेल किंवा उत्पादन भारतात तयार झालेले असेल, तर भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथक, म्हणजेच सर्ट-इन, यांच्याकडे अर्ज करावा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७०-ब अन्वये ही राष्ट्रीय संस्था काम करते आणि २०२१ पासून तिला सीव्हीई क्रमांक देण्याचा अधिकारही आहे. कार्यालय दिल्लीत असले तरी तेथे जावे लागत नाही. संकेतस्थळावरील त्रुटी-नोंदणी अर्ज भरून ई-मेलने पाठवता येतो आणि १८००-११-४९४९ हा निःशुल्क दूरध्वनीही आहे. सायबर पोलीस ठाणे आणि १९३० ही हेल्पलाइन फसवणुकीसारख्या गुन्ह्यांसाठी आहे, सॉफ्टवेअरमधील दोष दुरुस्त करून घेण्यासाठी नव्हे.

येथे एक गल्लत नेहमी होते. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतील ६ तासांची मुदत ही कंपन्या, सेवा पुरवठादार, शासकीय संस्था आदींनी प्रत्यक्ष घडलेल्या सायबर घटना कळवण्यासाठी आहे. स्वतःच्या संगणकावर एखादा दोष आढळला, तर त्या व्यक्तीला ती मुदत लागू होत नाही. सातपूर-अंबडमधील एखाद्या कारखान्याचे काम अशा फाइलींचा मुद्दाम मारा करून कोणी बंद पाडले, तर मात्र ती घटना ठरते.

पात्रता

अर्जदार विद्यार्थी, दुकानदार, प्राध्यापक किंवा कंपनी यांपैकी कोणीही असू शकतो. पदवीची अट नाही आणि शुल्कही नाही. खरी अट चाचणीबाबत आहे. चाचणी स्वतःच्या किंवा लेखी परवानगी घेतलेल्या संगणकावरच करावी. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकाचा वापर रोखणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३ मध्ये मोडते आणि ते कृत्य अप्रामाणिक हेतूने केले असेल, तर कलम ६६ नुसार ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ‘बघू काय होते’ म्हणून अशी फाइल सर्वांना पाठवणाऱ्या मुलांना हे कोणीतरी आधीच सांगायला हवे.

सोबत जोडावयाची कागदपत्रे

अर्जात नाव व संपर्क, उत्पादनाचे नाव, ‘मदत’ या मेनूत दिसणारी नेमकी आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, दोषाचे वर्णन, परिणाम आणि निर्मात्याशी झालेला पत्रव्यवहार तारखांसह द्यावा. परंतु सर्वांत महत्त्वाचे कागदपत्र म्हणजे दोष पुन्हा घडवून दाखवणारी चाचणी फाइल, आणि बहुतेक अर्ज याच ठिकाणी कच्चे राहतात. कोणाचा दाखला, सातबारा किंवा आधार असलेली मूळ फाइल कधीही पाठवू नये. तिच्यातील अनावश्यक नोंदी एकेक करून काढाव्यात आणि दोष टिकून राहील एवढाच सांगाडा ठेवावा. आमच्या उदाहरणात शेवटी चार-पाच ओळीच उरल्या. ही फाइल पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये ठेवावी, तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलमधील मजकुरावरून काढलेला, तिचा ठसा म्हणावा असा संकेतांक) अर्जात लिहावा आणि शक्य असल्यास सर्ट-इनच्या पीजीपी कळीने, म्हणजे फक्त त्यांनाच उलगडता येईल अशा कुलुपाने, संपूर्ण मजकूर कूटबद्ध करावा.

प्रोग्राम नुसता अडकत नसून कोसळत असेल, तर डीबगर या दोष शोधण्याच्या साधनातून मिळालेला बॅकट्रेस, म्हणजे कोसळण्याच्या क्षणी प्रोग्राम कोठे होता याची नोंद, ही जोडावी. मेमरीत भलत्या जागी लिहिल्यामुळे प्रोग्राम कोसळला असेल, तर त्याच वाटेने परका कोड चालवता येण्याची शक्यता असते आणि तेव्हा प्रकरण सेवा अडण्यापुरते राहत नाही. त्याची तपासणी तज्ज्ञांनीच करणे योग्य. केवळ वाचक बंद पडतो आणि त्यासाठी वापरकर्त्याला फाइल उघडावी लागते, अशा दोषाला त्रुटीची तीव्रता मोजणाऱ्या सीव्हीएसएस ३.१ या पद्धतीत साधारणपणे १० पैकी ५.५, म्हणजे मध्यम, गुण मिळतात. गुण वाढावेत म्हणून वर्णन फुगवू नये.

अर्जानंतर मिळालेला संदर्भ क्रमांक जपून ठेवावा आणि पुढील पत्रव्यवहारात तोच वापरावा. दुरुस्तीची आवृत्ती येईपर्यंत तपशील कोठेही प्रसिद्ध करू नये. दरम्यान, दुकानात किंवा कार्यालयात फाइल व्यवस्थापकातील छोटी चित्रे दाखवण्याची सोय बंद ठेवावी आणि संशयित फाइली दुसऱ्या एखाद्या वाचकात उघडाव्यात, म्हणजे एका फाइलपायी संपूर्ण रांग अडणार नाही.