डिझेल गाड्यांची ओढ, अ‍ॅव्हरेज आणि धुराचे नियम: पार्श्वभूमी
डिचोली किंवा फोंड्याकडच्या जुन्या ट्रकमालकांशी बोलणे निघाले की एक तक्रार हमखास ऐकू येते: धुराचे नियम आले आणि गाडीची ओढ गेली, अ‍ॅव्हरेजही गेले. ती खोटी नाही. मात्र ती मुख्यतः एका टप्प्याची आहे.

अडचण डिझेलच्या ज्वलनातच आहे. सिलिंडरमध्ये तापमान जितके चढते तितके इंधन चांगले वसूल होते, पण त्याच उष्णतेत नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. तापमान उतरवले तर ती घटतात आणि काजळी वाढते. सुरुवातीचा स्वस्त उपाय इंधन किंचित उशिरा फवारण्याचा, म्हणजे टायमिंग मागे घेण्याचा होता, आणि त्यात डिझेल जास्त जाई. अमेरिकेत १९९८ साली सात इंजिन उत्पादकांना सरकारशी तडजोड करावी लागली, कारण चाचणीत नियम पाळणारी त्यांची इंजिने महामार्गावर टायमिंग पुढे घेऊन डिझेल वाचवतात, असा आरोप होता.

पुढे ईजीआर आले: जळलेला वायू थंड करून पुन्हा इंजिनात सोडायचा. अशा गाडीचा इनटेक खोलला की आत डांबरासारखा काळा थर दिसतो, आणि त्याने झडप अडकली की भरलेली गाडी अनमोड घाटात दम टाकते. एससीआरने, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर प्रक्रिया करणाऱ्या यंत्रणेने, हा हिशेब बराच उलटवला. ऑक्साइडे सायलेन्सरकडच्या भागात युरियाच्या द्रावणाने मोडली जात असल्यामुळे टायमिंग पुन्हा पुढे घेता आले. १०० लिटर डिझेलमागे साधारण ३ ते ५ लिटर द्रावण लागते, हा खर्च मात्र वेगळा.

भारतात हे सारे इंधनावर अडले होते, कारण इंधनातल्या गंधकाने धूर स्वच्छ करणारा उत्प्रेरक निकामी होतो. १ एप्रिल २०१७ रोजी बीएस-४ (भारत स्टेज, म्हणजे धुराच्या नियमांचा चौथा टप्पा) देशभर लागू झाले, तेव्हा गंधकाची मर्यादा ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५०) होती. बीएस-५ वगळून १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ मध्ये ती १० पीपीएमवर आली.

त्याबरोबर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, सर्रास झाला. त्यात साठलेली काजळी जाळण्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि त्यासाठी जादा डिझेल फवारले जाते. रोज म्हापसा ते पणजी एवढाच फेरा मारणाऱ्या गाडीत हे काम वारंवार अर्धवट राहते. उशिरा फवारलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरते आणि डिपस्टिक काढून पाहिली तर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसते.