हरळी, काळी माती आणि लॉनची कड

जुन्या सरकारी विश्रामगृहाच्या आवारात शिरलं की वाटेच्या कडेने तिरक्या पुरलेल्या विटा दिसायच्या. अर्धी वीट मातीत, अर्धी बाहेर, करवतीच्या दात्यांसारखी रांग. एकीला गेरू, दुसरीला चुना. साहेब येणार असले की रंगाचा हात पुन्हा फिरायचा. कड म्हणजे शोभा, हा समज बहुधा तिथूनच आपल्या डोक्यात बसला असावा.

शोभा होतेच. पण कडेचं खरं काम जमिनीखाली चालतं आणि तिथे तिची गाठ दोन हट्टी गोष्टींशी असते. एक, आडवं धावणारं गवत. दुसरी, आपली काळी माती.

आधी गवत. आपल्याकडे लॉनसाठी ‘सिलेक्शन वन’ म्हणून जे गवत लावतात, ते हरळीच्याच कुळातलं. दूर्वा वाहताना ‘काण्डात्काण्डात्प्ररोहन्ती’ म्हणतात, म्हणजे पेऱ्यापेऱ्यातून उगवणारी. इतकं अचूक वनस्पतिशास्त्र क्वचितच कुठल्या मंत्रात सापडेल. हरळीला दोन प्रकारचे धावते दांडे असतात. एक जमिनीवरून पळतो, दुसरा मातीखालून. दोन्हींच्या प्रत्येक पेऱ्यावर डोळा असतो आणि त्या डोळ्यातून मुळं आणि कोंब दोन्ही फुटू शकतात. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक मागच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. आपण खुरप्याने शेंडा तोडला की तो दाब सुटतो आणि मागचे डोळे जागे होतात. तुटलेला तुकडा वाफ्यातच राहिला तर तोही रुजतो. म्हणून गुलाबाच्या आळ्यात घुसलेली हरळी जितकी खुरपावी तितकी वाढते, ही बागकाम करणाऱ्यांची तक्रार अगदी खरी आहे.

तिला अडवायचं तर भिंत दोन्हीकडे हवी. खालच्या दांड्यांचा मोठा भाग वरच्या 10-15 सेंटीमीटर मातीत असतो, त्यामुळे कड निदान 15 सेंटीमीटर खोल जायला हवी. वरचे दांडे अडवायला ती जमिनीच्या चार बोटं वर हवी. पण एवढी वर ठेवली की गवत कापायचं यंत्र कडेपर्यंत जात नाही आणि तिथे गवताची झालर उरते. मला विचाराल तर कड लॉनच्या पातळीला, यंत्राचं चाक वरून जाईल इतकी रुंद ठेवावी आणि तिच्यावरून पुढे आलेले दांडे पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी कापून उचलावेत. कुठलीही कड हरळीला कायमची थोपवत नाही. दांडे कापायला सोपे जातील अशा उघड्या जागी आणते, एवढंच. मेक्सिकन लॉन असेल तर काम निम्म्याने हलकं, कारण ते फार सावकाश पसरतं. महापुरातही टिकणाऱ्या लव्हाळ्यापुढे मात्र हात टेकावेत. त्याच्या कोंबाचं टोक इतकं अणकुचीदार असतं की ते मल्चिंगचा प्लास्टिक कागदही भोकसून वर येतं.

बांबूची धास्ती मात्र घेऊ नये. परदेशी व्हिडिओंमध्ये बांबूभोवती दोन-अडीच फूट खोल प्लास्टिकची भिंत पुरताना दाखवतात, ती धावत्या जातींसाठी. आपला मानवेल किंवा काटस बेटाने वाढतो, पळत नाही.

आता माती. माझ्या पहिल्या लॉनला मी हौसेने अखंड सिमेंट काँक्रीटची कड ओतून घेतली होती, एकही सांधा न ठेवता. कंत्राटदाराने “बघायला नको” म्हणून सांगितलं. दुसऱ्या उन्हाळ्यात तिला चार तडे गेले आणि एक तुकडा बोटभर वर उचलला गेला. दोष सिमेंटच्या मालाला दिला. खरा दोषी त्याच्या खाली होता.

दख्खनचा बेसाल्ट झिजून झालेल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटाची खनिजं भरपूर असतात. त्यांची रचना पत्त्यांच्या कॅटासारखी, थरावर थर. पाऊस पडला की दोन थरांच्या मध्ये पाणी शिरतं, थर एकमेकांपासून दूर सरकतात आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून जातं, माती आकसते आणि हात जाईल अशा भेगा पडतात. ही हालचाल सगळीकडे सारखी नसते. लॉनला रोज पाणी मिळतं, पलीकडची वाट कोरडी असते, आणि कड नेमकी या दोहोंच्या सीमेवर बसलेली. एका बाजूची जमीन फुगलेली, दुसऱ्या बाजूची आकसलेली. काँक्रीट दाब चांगला सोसतं, पण वाकवलं की तडकतं. माझी कड मोडली नसती तरच नवल. कोकणात हा त्रास फारसा नाही. जांभ्याच्या मातीत मुख्यतः केओलिनाइट आणि लोहाची ऑक्साइडं असतात, ती फारशी फुगत नाहीत. तिथे चिऱ्यांची रांग नुसती बसवली तरी वर्षानुवर्षं जागेवर राहते.

काळ्या मातीत उपाय एकच: मातीशी झगडायचं नाही. अखंड कडेऐवजी सुटे तुकडे घ्यावेत. विटा, शहाबादी किंवा कडप्प्याच्या पट्ट्या, तयार काँक्रीटचे ठोकळे, काहीही. दोरी लावून, फक्की टाकून चर खणावा. कडेची खोली अधिक चार इंच. त्या चार इंचांत मुरूम घालावा, पाणी मारून धुमसाने ठोकावा. वर बोटभर कच (दगडाची बारीक चुरी), त्यावर तुकडा आणि लाकडी हातोडीचे ठोके. सांध्यात सिमेंट नको, कच पुरे. माती हलली की तुकडेही थोडे हलतात, आणि पावसाळ्यानंतर दोन-चार पुन्हा बसवले की झालं. काँक्रीट ओतायचंच असेल तर दर एक-दीड मीटरवर सांधा ठेवावा, म्हणजे तडा आपण ठरवलेल्या जागी जाईल.

नव्या सिमेंटची आणखी एक खोड आहे. ते घट्ट होताना चुन्याचं हायड्रॉक्साइड तयार होतं आणि त्यातून झिरपणारं पाणी तीव्र अल्कधर्मी असतं. आपली काळी माती आधीच चुनखडीची, त्यात ही भर. अल्कधर्मी मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. एक्झोरा, म्हणजे आपली पेंटगुळ, हे लगेच दाखवते: कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. तिला नव्या सिमेंटपासून हातभर लांब लावावं.

वीट स्वस्त आणि देखणी, पण पाणीपिशी. साध्या भाजक्या विटेला भारतीय मानकानुसार वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत पाणी शोषायची मुभा आहे, म्हणजे 3 किलोच्या विटेत 600 ग्रॅम. मातीतलं पाणी क्षार घेऊन विटेत चढतं आणि वर वाळतं. क्षारांचे स्फटिक विटेच्या छिद्रांत वाढतात आणि तिचा पृष्ठभाग आतून फोडतात. यालाच आपण लोणा म्हणतो. पक्की भाजलेली, टिचकी मारल्यावर खणखणणारी वीट निवडावी.

प्लास्टिकची पट्टी वळणं झकास घेते, मात्र तापली की लांबते. पॉलिथिनची 10 मीटरची पट्टी 30 अंश तापली तर साधारण 3 ते 6 सेंटीमीटर वाढते. तेवढीच पोलादी पट्टी जेमतेम साडेतीन मिलिमीटर. भर थंडीत पहाटे ताणून बसवलेली प्लास्टिकची कड मे महिन्यात नागमोडी का होते, ते यावरून कळेल. ती उन्हात तापू द्यावी आणि मगच खुंट्या ठोकाव्यात. काळ्या रंगाचीच घ्यावी, कारण त्यातला कार्बन अतिनील किरण अडवतो.

काहीच विकत न आणता नुसता चर खणूनही कड होते. उघड्या हवेत आलेलं दांड्याचं टोक उन्हात वाळतं. युरोपातल्या थंड हवेत ही पद्धत छान चालते. आपल्याकडे जूनच्या दुसऱ्या सरीत चर गाळाने भरतो आणि पुन्हा फावडं हाती घ्यावं लागतं.

कुठलीही कड घातली तरी पहिला मोठा पाऊस पडेल तेव्हा छत्री घेऊन बाहेर जावं. कड नकळत बांध होते. लॉनवर कुठे पाणी तुंबलंय ते बघून उताराच्या बाजूची एखादी वीट तिथल्या तिथे उपटून टाकावी.