अक्षांश-रेखांशाला तारीख असते

कॉर्स स्टेशनांचे (मोजणीला आधार देणाऱ्या कायमच्या जीपीएस केंद्रांचे) कोऑर्डिनेट, म्हणजे जागेचे आकडे बदलले, अमुक तारखेपासून नवे आकडे वापरा, असं परिपत्रक निघालं की मोजणीवाल्यांत पहिला प्रश्न ठरलेला: म्हणजे जुनी मोजणी चुकली की काय? बहुतेक वेळा नाही. मोजली त्या दिवशी ती बरोबरच होती. त्यानंतर जमीन पुढे सरकली.

भूपट्ट सरकतात हे शाळेत शिकवतात, पण आपण ते डायनासोरांच्या काळातलं प्रकरण समजतो. भारतीय भूपट्ट आजही वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर ईशान्येकडे जातोय, ऑस्ट्रेलिया सुमारे ७. ऑस्ट्रेलियाने १९९४ सालचे आकडे गोठवून नकाशे चालवले. २०२० पर्यंत फरक १.८ मीटरवर गेला आणि ‘जीडीए २०२०’ ही कोऑर्डिनेट मोजण्याची नवी चौकट आणावी लागली.

आता यातली खरी गंमत. कॉर्स स्टेशन म्हणजे पक्क्या पायावर बसवलेला, चोवीस तास उपग्रहांचे संकेत टिपणारा रिसीव्हर. मोजणीच्या जागेवर फिरवायचा रिसीव्हर, म्हणजे रोव्हर, स्वतःची जागा एकट्याने शोधत नाही. दोघं एकाच क्षणी तेच उपग्रह बघतात, त्यामुळे उपग्रहाच्या घड्याळाची, कक्षेची आणि वातावरणाची चूक दोघांनाही जवळपास सारखीच लागते आणि वजाबाकीत उडते. हाती उरतो तो दोघांमधला सदिश: किती दूर, कोणत्या दिशेला. तो स्टेशनच्या कोऑर्डिनेटमध्ये मिळवला की रोव्हरची जागा मिळते.

म्हणजेच स्टेशनचा आकडा १० सेंटीमीटरने चुकीचा असेल, तर त्यावरून घेतलेला प्रत्येक बिंदू त्याच दिशेला १० सेंटीमीटर चुकणार. स्क्रीनवर मात्र ‘फिक्स्ड, ८ मिलिमीटर’ असं दिमाखात झळकत राहणार! तो आकडा फक्त सदिशाची ग्वाही देतो. टेप कितीही ताणून धरा, खुंटीच सरकली असेल तर काय उपयोग? रिसीव्हरच्या जाहिरातींमधली ‘मिलिमीटर अचूकता’ याच अर्थाने वाचावी.

याहून मजेशीर भाग स्टेशनांच्या जाळ्यात आहे. सगळी स्टेशनं मिळून एक मीटर सरकली, तरी २० किलोमीटरच्या सदिशात जेमतेम मिलिमीटरभर फरक पडतो. पण एकच स्टेशन शेजाऱ्यांच्या तुलनेत ४ सेंटीमीटर चुकलं, तर घोळ होतो. सॉफ्टवेअर स्टेशनांच्या जागा खऱ्या धरून मधल्या वातावरणाचा अंदाज बांधतं; ही चूक ते मुकाट्याने वातावरणाच्या खात्यात टाकतं आणि रोव्हरला बिघडलेली दुरुस्ती पाठवतं. मोजणी चालते ती वाहक लहरी पूर्णांकात मोजून. जीपीएसच्या एल-१ या लहरीची लांबी १९ सेंटीमीटर, आणि आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा) परिणाम काढून टाकणाऱ्या समीकरणात ती प्रत्यक्षात १०.७ सेंटीमीटर इतकी आखूड पडते. तिथे ४ सेंटीमीटर म्हणजे लहरीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. मग फिक्स, म्हणजे पूर्णांकाचं पक्कं उत्तर, लवकर मिळत नाही, किंवा चुकीच्या पूर्णांकावर बसतो. दुसरं जास्त वाईट.

एकटं स्टेशन बिघडायला कारणं पुष्कळ. अँटेना बदलली तरी तिचं विद्युत केंद्र वेगळं पडून उंचीत उडी दिसते. भूजल उपसल्याने जमीन खचते. आणि भूकंप तर आहेच. ११ मार्च २०११ च्या भूकंपात जपानचं ओशिका स्टेशन ५.३ मीटर सरकलं आणि १.२ मीटर खाली बसलं. टोकियोतला राष्ट्रीय मूळबिंदूसुद्धा सुमारे २८ सेंटीमीटर पूर्वेला गेला. अशा भूकंपानंतर जमीन कित्येक वर्षं वक्र चालीने सरकत राहते, म्हणून आयटीआरएफ २०१४ या जागतिक चौकटीत अशा स्टेशनांसाठी सरळ रेषेच्या जोडीला वक्र घेतले गेले. कोऑर्डिनेट बदलले म्हणून ‘मोठा भूकंप येतोय’ असे ग्रहयोग जोडलेले फॉरवर्ड फिरले, तर ते खुशाल डिलीट करावेत. या आकड्यांवरून भूकंपाची तारीख निघत नाही.

दोन कामं जुळवताना मात्र काळजी घ्यावी लागते. स्टेशनाशिवाय, उपग्रहांच्या नेमक्या कक्षा वापरून काढलेली जागा सहसा आजच्या तारखेची असते, तर कॉर्सवरून काढलेली गोठवलेल्या तारखेची. वर्षाला ५ सेंटीमीटरने १० वर्षांत अर्धा मीटर फरक पडतो, आणि दोन्ही उत्तरं बरोबरच असतात. स्टेशनचा वेग माहीत असला की गुणाकार करून एक आकडा दुसऱ्याच्या तारखेला नेता येतो. पण त्यासाठी फाइलमध्ये चौकटीचं नाव आणि तारीख दोन्ही हवीत. नुसतं ‘डब्ल्यूजीएस ८४’ (जीपीएसची चौकट) लिहून भागत नाही, कारण त्या चौकटीच्याही आजवर बऱ्याच आवृत्त्या निघाल्या आहेत.