मोठा टायर, खोटं मीटर आणि डिझेलचा खरा हिशेब

पावसाळ्यात पांदणीवर जीप फसते, ती बहुतेक वेळा पोटावर टेकून. बैलबंड्यांनी आणि ट्रॅक्टरांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्यांत दोन्ही चाकं उतरतात, मधला उंचवटा तसाच राहतो आणि मागच्या आसाचा गोळा, म्हणजे डिफरन्शियल, त्यावर जाऊन बसतो. मग चाकं नुसती फिरत राहतात. पाट्यांच्या स्प्रिंगांत पट्टे वाढवले की बॉडी वर जाते, पण आस होता तिथंच राहतो, कारण त्याची उंची चाकाच्या त्रिज्येनं ठरते. म्हणून यवतमाळ-वर्ध्याच्या कपाशीच्या पट्ट्यात कुणी मोठे टायर टाकले तर ती नुसती हौस म्हणता येत नाही. पण त्यासाठी डिझेल किती जास्त जातं आणि कुठं जातं, हे नीट मोजायला हवं. ते मोजताना बहुतेकांचा हिशेब चुकतो.

आधी मापं पाहू. समजा, गाडीच्या मूळ टायरच्या बाजूवर २१५/७५ आर १५ असं लिहिलेलं आहे. रुंदी २१५ मिमी. बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे १६१ मिमी. रिम १५ इंचांची, म्हणजे ३८१ मिमी. रिमच्या वर एक बाजू आणि खाली एक बाजू धरली की एकूण व्यास ७०३ मिमी भरतो. त्याच रिमवर २३५/७५ चढवला तर व्यास ७३३ मिमी. वाढ ३० मिमीची, पण आस वर उचलला जातो त्याच्या निम्मा, फक्त १५ मिमी. ३१ इंची टायर, म्हणजे ३१ x १०.५० आर १५, व्यासाला ७८७ मिमी असतो. तिथं आस ४२ मिमी चढतो आणि पांदणीवर तो फरक जाणवतो.

आता मीटर. गाडीचं मीटर रस्ता मोजत नाही, फेऱ्या मोजतं. मूळ चाक एका फेरीत सुमारे २.२१ मीटर जातं, ३१ इंची चाक २.४७ मीटर. गाडी प्रत्यक्षात १०० किमी गेली तरी मीटरवर ८९ किमीच दिसतात. समजा, आधी लिटरला सरासरी १४ किमी मिळत होती. टायर बदलल्यावर ४० लिटरमध्ये मीटरवर ४४० किमी दिसले. भागाकार ११ आला आणि गाडी डिझेल पिते म्हणून मालक हळहळला. पण नवं चाक एका फेरीत जुन्याच्या १.१२ पट जातं (२.४७ भागिले २.२१), म्हणून खरं अंतर ४४० गुणिले १.१२, म्हणजे जवळपास ४९२ किमी. खरी सरासरी १२.३. नुकसान झालं हे खरं, पण ते १२ टक्के, २१ टक्के नव्हे.

म्हणून टायर बदलल्यावर पहिलं काम गुणक काढण्याचं, म्हणजे खरं अंतर मीटरच्या किती पट आहे ते. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडापासून मीटर लिहून घ्या आणि २० किमी चाला. मीटरवर १७.९ दिसले तर २० भागिले १७.९, म्हणजे १.१२. जमल्यास टायर बदलण्याआधीही एकदा हेच करून ठेवा. जुन्या मीटरची मुळातली चूकही कळते. मग एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, निदान ३०० किमी चालवा आणि तिथंच तशीच पुन्हा भरा. मीटरचं अंतर गुणकानं गुणा, मग लिटरनं भागा.

याच खोट्या मीटरमुळे डिझेल खरोखरही वाया जातं. काटा ८० वर असतो तेव्हा गाडी जवळपास ९० नं धावत असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, त्यामुळे तो इथं पाव पटीनं जास्त होतो. नागपूर-अमरावती रस्त्यावर काटा ७१-७२ वर ठेवला की खरे ८० मिळतात.

वजनाबद्दल मात्र लोक फार वाढवून बोलतात. टायरचं बहुतेक वजन कडेला असतं, आणि कडेचं वजन पुढं न्यायचं असतं तसंच फिरवायचंही असतं. त्यामुळे वेग घेताना ते जवळपास दुप्पट धरावं लागतं. एकेक टायर सात किलोनं जड झाला तर चारांचे २८ किलो इंजिनला पन्नासेक किलोसारखे वाटतात. दीड टनाच्या गाडीत हे तीन टक्के झाले. गावागावांतले गतिरोधक आणि बाजाराची गर्दी यांतून जाताना ते सोसावे लागतात, एकसारख्या वेगात जवळपास नाहीच.

डांबरी रस्त्यावर डिझेल खातात ते टायरच्या नक्षीतले ठोकळे. चिखलाच्या टायरवर रबराचे उंच, सुटे ठोकळे असतात. रस्त्याला टेकताना प्रत्येक ठोकळा वाकतो, सुटताना सरळ होतो, पण वाकवायला लागलेली सगळी ऊर्जा तो परत देत नाही. उरलेली उष्णता होते. निव्वळ व्यास वाढल्यानं मात्र घरंगळण्याचा विरोध उलट थोडा कमीच होतो. लोखंडी धावेच्या बंडीची चाकं एवढी मोठी का असत, तेही इथंच कळतं: मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं आणि ढेकळावर सहज चढतं.

शेतातला हिशेब वेगळा. काळ्या मातीतली बारीक चिकणमाती पाणी पिऊन फुगते, नक्षीत भरून बसते आणि चाक गुळगुळीत होतं. घसरणारं चाक डिझेल जाळतं आणि अंतर कापत नाही, म्हणून तिथं उघडी, खोल नक्षी डिझेल वाचवते. काळी माती कित्येक ठिकाणी खोलवर तशीच असते, तेव्हा रुंद टायर वरवर तरंगलेला बरा. मुरमावर चिखलाचा पातळ थर असेल तर अरुंद टायर तो कापून घट्ट तळ गाठतो. वर्षातले चार महिनेच चिखल आणि बाकी सगळा डांबरी रस्ता असेल, तर चिखलाऐवजी दोन्हीकडे चालणारी मध्यम नक्षी आणि एक पायरी मोठं माप, एवढ्यावरच थांबावं.

आणि हवा. चिखलात १८-२० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) उतरवली की टायर पसरतो आणि पकड वाढते. पण तशा टायरवर वीसच्या वेगानंच चालावं. डांबरी रस्ता लागताच हवा पुन्हा पूर्ण भरा, त्यासाठी बॅटरीवरचा छोटा पंप गाडीत ठेवा. कमी हवेवर टायरच्या बाजू सतत दुमडतात, डिझेल जळतं, टायर तापतो आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात फुटतोही. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. तापमान १० अंशांनी वाढलं की दीड पीएसआय वाढतो. दुपारी जास्त दिसली म्हणून सोडली तर सकाळी कमी पडते. दरवाजाच्या खांबावरचा हवेचा आकडा मूळ टायरचा असतो. नव्या टायरसाठी नक्षीवर आडवी खडूची रेघ ओढा आणि सरळ रस्त्यावर थोडं अंतर चाला. रेघ मधूनच पुसली तर हवा जास्त, कडांनीच पुसली तर कमी.

राहिले गिअर. मोठ्या चाकानं सगळेच गिअर लांब होतात. सपाटीवर इंजिनाचे फेरे उतरतात आणि थोडा फायदाही होतो. पण चिखलदऱ्याच्या घाटात भरल्या गाडीला पाचवा झेपत नाही, चौथाही दम तोडतो, आणि पहिल्यात उचलताना हाफ क्लच धरावा लागून क्लच प्लेट जळते. ३१ इंची टायर कायम ठेवायचे असतील तर खरा उपाय क्राउन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधली दातेरी चाकांची जोडी, बदलण्याचा: मूळ गुणोत्तर ४.१ असेल तर १.१२ नं गुणून ४.६ च्या जवळपासचं घ्यावं. फोर-व्हील गाडीत पुढचं आणि मागचं दोन्ही बदलावं लागतं. त्यात आकडा जुळला नाही तर फोर-व्हील टाकताच ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांना ताकद वाटणारी पेटी, अडकते. स्टेपनी जुन्या मापाची ठेवली तरी तेच होतं, म्हणून टायर पाच घ्यावेत. ब्रेकची पकडही चाक वाढलं त्या प्रमाणात, म्हणजे इथं दहा-अकरा टक्क्यांनी घटते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरचे बदल चालत नाहीत. पैसे देण्याआधी आरटीओत आणि विमेवाल्याकडे विचारून घ्यावं.