व्हॉल्व बदलण्याआधी हे वाचा : जुन्या रेडिओच्या सामानातून गिटार ॲम्प बांधणाऱ्या ग्राहकांसाठी

आमच्याकडून व्हॉल्व (जुन्या रेडिओतली काचेची नळी), बेस (तिचे सॉकेट) किंवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व आणि स्पीकर यांच्यामधला) नेणाऱ्या प्रत्येकाच्या पुडक्यात आम्ही हा कागद घालतो. "तुमचा ईएल८४ खराब निघाला, प्लेट लाल होते," अशी तक्रार (प्लेट म्हणजे व्हॉल्वच्या आतला, प्रवाह झेलणारा पत्रा) घेऊन येणाऱ्या बहुतेकांचा व्हॉल्व आमच्या टेस्टरवर ठणठणीत निघतो. ग्राहक मग दुसरा व्हॉल्व नेतो, तोही लाल होतो, आणि शेवटी दोन्हीकडची माणसं वैतागतात. बिघाड असतो तो रेडिओतून जसाच्या तसा उचललेल्या एका कंडेन्सरमध्ये, म्हणजे कपॅसिटरमध्ये. म्हणून या कागदातली निम्मी जागा त्या कंडेन्सरलाच दिली आहे.

ईसीसी८३ गिटारचा बारीक सिग्नल मोठा करतो आणि ईएल८४ स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो; दोन्हींच्या आत तापलेला कॅथोड प्रवाह सोडतो, ग्रिड तो आवरते आणि प्लेट झेलते, हे तुम्हाला सांगायला नको. सर्किटही तुमच्याकडे असेलच: पुढे ईसीसी८३, मागे एक ईएल८४ किंवा ६व्ही६, किंवा दोन्ही कामे एकाच काचेत करणारा ईसीएल८२. यातून तीन ते पाच वॅट मिळतात. "एवढेच?" असे विचारणारे बरेच भेटतात. पन्नास वॅटचा ॲम्प पाच वॅटच्या दहापट मोठा वाजत नाही. कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. आणि ज्या दाट, फाटक्या आवाजासाठी व्हॉल्वची हौस करायची, तो व्हॉल्व पूर्ण ताणला तरच निघतो. पन्नास वॅट घरात ताणून बघा, शेजारीच येऊन सांगतील.

आणखी एक नेहमीचा प्रश्न लगेच निकालात काढू. रेडिओच्या मागच्या पिकअप सॉकेटात गिटार लावली तर आवाज बारीकच येणार. ते सॉकेट ग्रामोफोनच्या क्रिस्टल पिकअपसाठी असते आणि गिटारचा पिकअप त्या मानाने फारच थोडे व्होल्ट देतो. मध्ये ट्रायोडची (ईसीसी८३ मध्ये असे दोन असतात) आणखी एक पायरी लागते. त्यात रेडिओचा दोष नाही.

काय ठेवायचे, काय टाकायचे

मेन्स ट्रान्सफॉर्मर, चोक (सप्लायमधली गुंडाळी), आउटपुट, बेस, टॅगस्ट्रिप (तारा डाख द्यायची पट्टी), नॉब, आणि अर्थात व्हॉल्व, हे सगळे जपून काढा. मायका कंडेन्सर बहुधा चांगले असतात, सिरॅमिकच्या चकत्याही. कार्बनचे जुने रेझिस्टर मीटरवर तपासल्याशिवाय वापरू नका. वयोमानाने त्यांची किंमत वर सरकते आणि २२० के (किलोओहम) लिहिलेला ३०० दाखवतो. कागदी कंडेन्सर आणि इलेक्ट्रोलिटिक मात्र सरसकट टाकायचे. कितीही देखणे दिसोत.

तो एक कंडेन्सर

ईसीसी८३ च्या प्लेटवरून ईएल८४ च्या ग्रिडवर जाणारा, बहुधा ०.०१ किंवा ०.०२ मायक्रोफॅरडचा, तोच हा कपलिंग कंडेन्सर. जुन्या सेटमध्ये तो तपकिरी असतो, वरचे मेण टॅगस्ट्रिपवर ओघळून थिजलेले असते आणि टोकाशी केसाएवढी चीर गेलेली असते. त्याचे काम आवाज पुढे सोडायचा आणि प्लेटवरचा डीसी दाब अडवायचा. आतला कागद वर्षानुवर्षे दमट हवा पितो आणि अडवण्याचे काम हळूहळू सोडून देतो.

किती थोड्या गळतीने घात होतो ते बघा. समजा ट्रायोडच्या प्लेटवर १५० व्होल्ट आहेत, ग्रिडचा रेझिस्टर ४७० के आहे आणि कंडेन्सर २० मेगोहमइतका गळतो आहे. वीस मेगोहम म्हणजे जवळजवळ काहीच नाही, असे कुणालाही वाटेल. पण त्यातून ७ मायक्रोॲम्पिअरहून थोडा जास्त प्रवाह जातो आणि ग्रिडवर सुमारे साडेतीन व्होल्ट उभे राहतात, तेही पॉझिटिव्ह. ईएल८४ ला २५० व्होल्टवर ग्रिड कॅथोडपेक्षा ७.३ व्होल्ट खाली लागते. त्या हिशोबाने प्लेटमधून ४८ मिलिॲम्पिअर जातात आणि प्लेटवर १२ वॅट पडतात. ही १२ वॅटची मर्यादा डेटाशीटवरचीच आहे, म्हणजे व्हॉल्व आधीच काठावर चालतो आहे. कॅथोडचा रेझिस्टर थोडे सावरून घेतो, तरी प्रवाह साठच्या वर जातो आणि प्लेटवर पंधरा वॅटच्या आसपास पडतात. मग दिवा मालवला की प्लेटच्या मधोमध मंद लाल ठिपका दिसतो, आणि तुम्ही आमच्याकडे येता.

गंमत म्हणजे हाच कंडेन्सर सुटा काढून साध्या मीटरवर ओहममध्ये तपासला तर बहुतेक वेळा ओपन दाखवतो, म्हणजे चांगला. मीटर त्याला एक-दोन व्होल्टवर जोखतो. गळती खरी दिसते ती दीडशे व्होल्ट पडल्यावर, त्यातही चासी (धातूचा सांगाडा) तापल्यावर. "पहिला अर्धा तास झकास वाजतो, मग आवाज फाटतो," या तक्रारीचे मूळ बहुधा इथेच सापडते. म्हणून "मी मीटरवर चेक केला आहे" हे उत्तर आम्ही धरत नाही. राग मानू नका.

खरी तपासणी अशी. ॲम्प बंद करा, फिल्टर कंडेन्सर (सप्लायमधले मोठे इलेक्ट्रोलिटिक) रिकामे करा, ईएल८४ काढा, ईसीसी८३ राहू द्या. मीटर डीसी व्होल्टवर लावून काळी तार चासीला आणि लाल तार ईएल८४ च्या बेसच्या २ नंबर पिनला क्लिपने अडकवा. मग ॲम्प सुरू करा आणि हात मागे घ्या. व्हॉल्व काढल्याने सप्लायचा दाब थोडा चढेल, तेव्हा फिल्टर कंडेन्सर ४५० व्होल्टचेच हवेत. दहा-पंधरा मिनिटे थांबा. मीटरने शून्य दाखवले पाहिजे. अर्धा व्होल्ट दाखवला, आणि तो चढतो आहे, तर कंडेन्सर बाद.

इथे शून्य आले आणि व्हॉल्व लावून गरम झाल्यावर मात्र त्याच पिनवर पॉझिटिव्ह व्होल्ट दिसू लागले, तर व्हॉल्वमध्ये गॅस आहे किंवा त्याची ग्रिड प्रवाह सोडते आहे. तो दोष आमच्या मालाचा. व्हॉल्व आणा, बदलून न्या. पण त्याआधी ग्रिडचा रेझिस्टर किती आहे तेही पाहा. कॅथोड बायस असताना, म्हणजे कॅथोडच्या रेझिस्टरने ग्रिडचा दाब ठरत असताना, ईएल८४ ला तो १ मेगोहमपेक्षा जास्त चालत नाही, आणि जुना रेझिस्टर वर सरकून तिथवर पोचलेला असू शकतो.

कंडेन्सर बदलायचा तर पॉलिप्रॉपिलिन किंवा पॉलिएस्टर फिल्मचा, ४०० किंवा ६३० व्होल्टचा घ्या. ईएल८४ च्या प्लेटवर, आउटपुटच्या प्रायमरीला (व्हॉल्वकडच्या वाइंडिंगला) लागून, टोनसाठी एक छोटा कंडेन्सर असतो, तोही विसरू नका. सूर ताणला की प्लेटवर सप्लायच्या दुपटीपर्यंत दाब उसळतो. तो कंडेन्सर शॉर्ट झाला तर सगळा सप्लाय आउटपुटच्या प्रायमरीवर येतो आणि ती वाइंडिंग जाते. तिथे किमान १००० व्होल्टचा घाला. मेन्सच्या तारेपासून चासीला गेलेला जुना कंडेन्सर दिसला तर कापून टाका. तो हवाच असेल तर त्या जागी वाय वर्गाचा सुरक्षा कंडेन्सरच चालतो, दुसरा कुठलाही नाही. या सगळ्या जागांचे कंडेन्सर एका पाकिटात घालून आम्ही देतो. व्हॉल्वबरोबर ते पाकीट घ्या असा आमचा आग्रह असतो; काहींना तो विक्रीचा फंडा वाटतो. विक्री आहेच, नाही कशाला म्हणू? पण पाकीट नेलेल्याचा व्हॉल्व लाल होऊन परत येणे ही दुर्मिळ गोष्ट आहे.

आउटपुट ओळखणे

सुट्या ट्रान्सफॉर्मरवर काहीच लिहिलेले नसते. तरी तो ओळखता येतो. व्हॉल्व तापवणाऱ्या हीटरचे ६.३ व्होल्ट एसी प्रायमरीला, म्हणजे बारीक तारेच्या जास्त ओहम दाखवणाऱ्या बाजूला द्या आणि सेकंडरीवर (स्पीकरकडच्या बाजूला) किती आले ते मोजा. ०.१८ व्होल्ट आले तर प्रमाण ३५. पस्तीसचा वर्ग १२२५, त्याला ४ ओहमच्या स्पीकरने गुणले की ४९०० ओहम. ईएल८४ किंवा ६व्ही६ ला हे छान जमते. त्याच ट्रान्सफॉर्मरला ८ ओहमचा स्पीकर लावलात तर व्हॉल्वला ९८०० दिसतील. ॲम्प वाजेल, पण बळ कमी आणि आवाज चिरका. ६.३ व्होल्ट उलट्या बाजूने, सेकंडरीला देऊ नका. दुसऱ्या टोकाला सव्वादोनशेच्या आसपास व्होल्ट येतात आणि तुमची बोटे नेमकी तिथेच असतात.

एकट्या व्हॉल्वच्या आउटपुटमध्ये गाभ्याच्या पत्र्यांमध्ये फट लागते, कारण प्रायमरीतून सतत डीसी वाहतो. पुश-पुलचा (दोन व्हॉल्व जोडीने चालवणारा), पत्रे एकाआड एक घातलेला आउटपुट इथे लावला तर गाभा डीसीनेच भरून जातो आणि जाड तारांचे सूर हरवतात. असा ट्रान्सफॉर्मर आणलात तर आम्ही पत्रे काढून फट ठेवून पुन्हा बसवून देतो, किंवा नवीन गुंडाळून देतो. गुंडाळायला वेळ लागतो. दर दिवसाआड फोन केल्याने वार्निश लवकर वाळत नाही.

स्पीकर न लावता ॲम्प कधीही वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाण्याचे ते सगळ्यात सोपे कारण आहे.

ईझेड८० काढून डायोड लावताय?

ईझेड८० म्हणजे एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर व्हॉल्व. त्याच्या जागी डायोड लावा, पण आधी गुणाकार करा. २५०-०-२५० च्या (मध्यापासून दोन्हीकडे २५० व्होल्ट देणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरवर सिलिकॉन डायोड लावले की रिकाम्या सप्लायवर ३५० च्या वर व्होल्ट जातात. ईझेड८० स्वतः बरेच व्होल्ट खायचा, ते आता कुणी खात नाही. ईएल८४ च्या प्लेटची मर्यादा ३०० आहे. मध्ये पुरेशा वॅटेजचा रेझिस्टर घालून दाब उतरवा. आणि ईझेड८० ठेवणार असाल तर त्याच्यापुढचा पहिला फिल्टर कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडच्या वर नको. "हम (गुणगुण) कमी व्हावा म्हणून २२० घातला," असे सांगणाऱ्यांचा रेक्टिफायर आम्ही ओळखतो.

फिल्टर कंडेन्सरवर २२० के, २ वॅटचा रेझिस्टर कायमचा समांतर जोडा. ४७ मायक्रोफॅरड असेल तर मिनिटभरात तो रिकामा होतो. तरी हात घालण्याआधी मीटर लावून बघाच. पहिल्यांदा सुरू करताना शंभर वॅटच्या आतला फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये ठेवा. बल्ब झगझगीत पेटून तसाच राहिला तर लगेच बंद करा.

हे काम आम्ही घेत नाही

मेन्स ट्रान्सफॉर्मर नसलेल्या रेडिओत, म्हणजे यूसीएल८२, यूएल८४, यूवाय८५ अशी यू मालिका असलेल्या सेटमध्ये, हीटर एकामागे एक जोडलेले असतात आणि चासी थेट मेन्सच्या एका तारेला लागलेली असते. रेडिओला लाकडी पेटी आणि प्लॅस्टिकचे नॉब होते म्हणून ते चालून जायचे. गिटारच्या तारा जॅकमधून थेट चासीला जोडलेल्या असतात. प्लग उलटा बसला की मेन्स तुमच्या बोटांत येते. मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातल्याशिवाय अशा सेटला आम्ही स्क्रूड्रायव्हरही लावत नाही, ओळखीच्या माणसाच्याही नाही. चासीला अर्थिंग आणि तीन पिनी प्लग मात्र प्रत्येक ॲम्पला हवाच.

व्हॉल्व परत आणताना

विकण्यापूर्वी प्रत्येक जुना व्हॉल्व आम्ही पंधरा मिनिटे तापवून, पूर्ण प्रवाहावर तपासतो आणि आकडा खोक्यावर लिहितो. "नुसता फिलामेंट पेटतो का बघा आणि द्या, मला घाई आहे," म्हणणाऱ्यांना आम्ही थांबवतो. पेटणारा फिलामेंट फक्त पेटतो एवढेच सांगतो.

व्हॉल्व बदलून हवा असेल तर खोक्याच्या मागे दोन आकडे लिहून आणा. पहिला, व्हॉल्व काढून पिन २ वर दहा मिनिटांनी दिसलेले व्होल्ट. दुसरा, व्हॉल्व लावून पिन ३ वर, म्हणजे कॅथोडवर, दिसलेले व्होल्ट आणि तिथल्या रेझिस्टरची मोजलेली किंमत. १३५ ओहमवर ७ च्या आसपास असेल तर गाडी रुळावर आहे. ९ च्या वर गेले असेल तर पहिला आकडा पुन्हा बघा. पहिला शून्य, दुसरा वाकडा असेल तर व्हॉल्व वाद न घालता बदलून मिळेल. दोन्ही जागा कोऱ्या असतील तर व्हॉल्व आधी आमच्या टेस्टरवर जाईल, आणि तिथली रांग कधीकधी लांब असते.